मेंढीचे जनुक आणि मेंढपाळाचे रान

शास्त्राने एखाद्या प्रश्नाचे उत्तर काढले की राजकारणाची जबाबदारी संपली, असे मानण्याची एक सोयीस्कर रीत या देशात रूढ झाली आहे. दुष्काळ पडला की कमी पाण्याचे वाण सुचवावे, कुपोषण वाढले की पौष्टिक बियाणे पुढे करावे, आणि मेंढपाळाच्या दारिद्र्याचा विषय निघाला की मेंढीच्या जनुकाकडे बोट दाखवावे. मेंढी वर्षातून एकदाच विते, तीही एकच कोकरू देते, म्हणून मेंढपाळ गरीब आहे. तेव्हा बारमाही माजावर येणारी आणि जुळी देणारी मेंढी त्याच्या हाती द्यावी, म्हणजे प्रश्न मिटला, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकायला गोड लागतो, कारण त्यात कोणाचीही जमीन जात नाही, कोणाचाही नफा कमी होत नाही आणि कोणाही अधिकाऱ्याला जाब द्यावा लागत नाही. बदलायचे ते फक्त मेंढीने!

या युक्तिवादातील शास्त्र खोटे नाही. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक करावी लागते. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील ठेलारी आणि इतर धनगर मेंढपाळांच्या जीवनाशी हे शास्त्र ताडून पाहिले, तर असे दिसते की मेंढीच्या शरीरात जे कुलूप उघडण्याचा खटाटोप चालला आहे, ते दख्खनी मेंढीच्या बाबतीत पुष्कळसे उघडेच आहे. बंद आहे ते रान.

प्रकाशाचा ऋतू आणि पावसाचा ऋतू

थंड प्रदेशांतील मेंढी ऋतूने बांधलेली असते. उन्हाळा सरून रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती माजावर येते, सुमारे पाच महिने गाभण राहते, आणि वसंतात, कोवळे गवत उगवते त्या वेळी विते. हे वेळापत्रक तिला रात्रीची लांबी शिकवते. अंधारात मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. रात्र जितकी लांब तितका त्याचा स्राव अधिक काळ टिकतो. पोष ग्रंथीच्या एका भागातील पेशी हा कालावधी जणू मोजतात. त्यांच्या संदेशाने मेंदूतील अवटू-संप्रेरकाची पातळी बदलते, आणि शेवटी प्रजोत्पादनाला चालना देणारी संप्रेरके सुरू होतात किंवा थांबतात. हा कारखाना सूर्याच्या घड्याळावर चालतो.

मेलाटोनिनचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीचे एक जनुक आहे. २००० साली फ्रान्समधील आर्ल मेरिनो मेंढ्यांवरील संशोधनातून असे दिसले की, या जनुकाच्या रूपभेदांचा आणि वसंतातही माजावर येण्याच्या क्षमतेचा संबंध असावा. या शोधाने मोठी आशा निर्माण झाली. परंतु पुढे निरनिराळ्या जातींत हा संबंध तपासला गेला, तेव्हा काही ठिकाणी तो आढळला, काही ठिकाणी आढळला नाही. ऋतूबाहेर विण्याचा गुण एका जनुकाच्या मुठीत नाही. तो अनेक जनुकांत वाटलेला आहे, त्याची आनुवंशिकता कमी आहे आणि आहार, वय व मेंढ्याचा सहवास यांचा त्यावर मोठा प्रभाव पडतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे शरद ऋतूत विणाऱ्या मेंढ्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या करावी लागली, ती यामुळेच. एका चाचणीने आणि एका सुईने हे काम होत नाही.

आता हे घड्याळ खानदेशात आणून पाहावे. धुळे आणि जळगाव ही शहरे साधारणतः २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे अडीच तासांचा फरक असतो. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे हाच फरक साडेदहा तासांच्या आसपास भरतो. तेथील मेंढीला दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखता येतो. खानदेशातील मेंढीने त्यावर विसंबून राहण्याचे कारण नाही. म्हणूनच दख्खनी मेंढी, उष्ण प्रदेशातील बहुतेक मेंढ्यांप्रमाणे, वर्षाच्या कोणत्याही काळात माजावर येऊ शकते. तरीही तिच्या विण्याला एक मोठा हंगाम असतो. पावसाळ्यात हिरवा चारा मिळाला की मेंढ्या भरतात, माजावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडाला कोकरांची गर्दी होते. उन्हाळ्याच्या अखेरीस हाडांचा सापळा झालेली मेंढी माजावर येत नाही, ती रात्र लांब की आखूड हे पाहून नव्हे, तर पोटात काही नाही म्हणून.

या दोन ऋतूंमधील फरक हाच या लेखाचा मुद्दा आहे. प्रकाशाचा ऋतू निसर्गाने घातलेला आहे. त्याच्याशी कोणी भांडू शकत नाही. चाऱ्याचा ऋतू मात्र अर्धा पावसाने आणि अर्धा समाजाने घातलेला आहे. पाऊस पडल्यावर उगवलेले गवत कोणाच्या मेंढीने खायचे, हे आकाश ठरवत नाही. ते महसूल खाते, वन खाते, ग्रामपंचायत, बागायतदार आणि वीज कंपनी ठरवते.

सुंदरबनची देणगी, सिडनीची कीर्ती

दुसरे जनुक जुळ्यांचे. त्याची कथा सामाजिक न्यायाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातील बुरूला नावाच्या एका मेंढपालन केंद्रावर असाधारण संख्येने कोकरे देणाऱ्या मेरिनो मेंढ्या आढळल्या आणि तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास केला. २००१ साली त्यामागील जनुकीय बदल तीन स्वतंत्र संशोधक गटांनी निश्चित केला. एका प्रथिनातील एका ठिकाणी एक घटक बदलतो, आणि मेंढीच्या अंडाशयात एकाऐवजी दोन-तीन अंडी एकाच वेळी पक्व होतात. एवढासा हा बदल आहे.

पण हा बदल मेरिनोमध्ये आला कोठून? १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून बंगालच्या मेंढ्या जहाजांनी सिडनीच्या नव्या वसाहतीत नेण्यात आल्या होत्या. त्यांचे रक्त बुरूलाच्या कळपात उतरले असावे, असा तर्क ऑस्ट्रेलियातील संशोधिका हेलन न्यूटन टर्नर यांनी १९८२ साली मांडला. २००२ साली सुंदरबनातील गारोळ मेंढीत नेमका तोच बदल सापडला, आणि तर्काला पुष्टी मिळाली. दहा ते पंधरा किलो वजनाची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी ही मेंढी दलदलीतील भूमिहीन कुटुंबांनी शतकानुशतके सांभाळली. जगभर तिच्या गुणाला जे नाव मिळाले ते मात्र ऑस्ट्रेलियातील एका मालमत्तेचे. जैविक संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा अधिकार मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली झाला आणि भारताचा जैवविविधता कायदा २००२ साली झाला. म्हणजे मेंढ्या गेल्यावर दोनशे वर्षांनी.

येथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीचे हे जनुक दख्खनी मेंढीच्या लोणंद प्रकारात उतरवण्याचे काम १९९०च्या दशकापासून चिकाटीने केले. ‘नारी सुवर्णा’ या नावाने ओळखली जाणारी मेंढी त्यातून निर्माण झाली. हे काम केवळ प्रयोगशाळेच्या कुंपणात राहिले नाही. मेंढपाळांच्या कळपांत मेंढे देऊन त्यांच्या संततीच्या नोंदी ठेवण्यात आल्या. ज्या मेंढीत या जनुकाची एक प्रत आहे, ती दर विण्याला सरासरी सुमारे अर्ध्या कोकराची भर घालते, असा अनुभव आला. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही याच जनुकाच्या आधारे ‘अविशान’ ही मेंढी तयार केली. देशी गुणाचा देशी मेंढीसाठी केलेला हा उपयोग आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परदेशी मेंढे आणून लोकर सुधारण्याच्या मागील धोरणापेक्षा तो शंभर पटींनी शहाणपणाचा आहे.

त्या धोरणाची आठवण आज कोणी काढत नाही, पण काढली पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत मेरिनो, रॅम्बुले आणि कॉरिडेल मेंढे आणून देशी मेंढीची लोकर तलम करण्याचे प्रयत्न झाले. हिस्सार येथे ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने कॉरिडेलचे मोठे प्रक्षेत्र उभे राहिले. प्रक्षेत्रावर, सावलीत आणि खुराकावर, संकरित मेंढ्यांनी तलम लोकर दिलीही. दख्खनच्या उन्हात वीस वीस किलोमीटर चालणाऱ्या कळपांत मात्र ते वाण रुजले नाही. घोंगडीसाठी काळी, जाड लोकर हवी होती. धोरणकर्त्यांना पांढरी, तलम हवी होती. मेंढपाळाला कोणी विचारले नाही. पुढे घोंगडीचा बाजार बसला, दख्खनी लोकरीला कोणी विचारेना, आणि मेंढी केवळ मटणासाठी उरली. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघेना. संशोधनाची दिशा आणि उत्पादकाची गरज यांची ताटातूट झाली की काय होते, याचा हा धडा आहे.

चाळीस मेंढ्यांचा हिशेब

जनुकाने मेंढपाळाचे उत्पन्न वाढते का, हा प्रश्न भावनेने नव्हे, हिशेबाने सोडवावा. उदाहरणादाखल चाळीस माद्यांचा एक कळप धरावा. साधी दख्खनी मेंढी दर विण्याला एक कोकरू देते आणि चाळीस माद्यांची वर्षाला अठ्ठेचाळीस वेते होतात, असे मानू. दहांपैकी एक कोकरू दगावले, तर मेंढपाळाच्या हाती त्रेचाळीस कोकरे राहतात.

आता या सर्व माद्यांत जुळ्यांचे जनुक आहे, पण रान तेच आहे, पाणी तेच आहे, औषध तितकेच दुर्मिळ आहे, असे समजू. दोन कोकरांना पाजणारी मेंढी झिजते. तिला पुन्हा माजावर यायला उशीर लागतो, आणि वर्षाची वेते अठ्ठेचाळिसांवरून चाळीसवर येतात. जन्मलेली कोकरे साठ. पण ती वजनाने हलकी आणि दुधाला अपुरी. चारांतील एक दगावले, तर उरली पंचेचाळीस. म्हणजे अख्ख्या जनुकशास्त्राची कमाई दोन कोकरे! आणि त्या दोन कोकरांसाठी मेंढपाळाने झिजलेल्या मेंढ्या, पंधरा मेलेली कोकरे आणि वर्षभराची जादा मेहनत सोसायची.

तिसरी स्थिती पाहावी. तेच जनुक, पण गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात चरायला रान आहे, आंत्रविषार, देवी व पीपीआर यांच्या लसी वेळेवर मिळतात आणि वाड्यावर पाणी आहे. वेते अठ्ठेचाळीस, कोकरे बहात्तर, दगावणारी दहांत एक. हाती राहिली पासष्ट कोकरे. वाढ बावीस कोकरांची! जनुक दोन्ही वेळा तेच होते. दोन आणि बावीस यांतील अंतर जनुकाने निर्माण केलेले नाही. ते चाऱ्याने, पाण्याने आणि सरकारी दवाखान्याने निर्माण केले आहे. हे आकडे उदाहरणाचे आहेत. त्यांतील नाते मात्र कोणताही मेंढपाळ ओळखील.

चीनचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथील हू जातीच्या मेंढ्या बारमाही माजावर येतात, त्यांच्यातही जुळ्यांचे हेच जनुक आहे आणि त्या दोन-तीन कोकरे देतात. हे खरे आहे. पण ताइहू सरोवराच्या परिसरातील हू मेंढी गोठ्यात राहिली आणि रेशीम उद्योगातील तुतीच्या पाल्यावर पोसली गेली, ही गोष्ट उदाहरण देणारे सांगत नाहीत. जनुकाबरोबर पाल्याचीही तरतूद होती. धुळ्याच्या माळावर तुती नाही. तेथे जनुक द्यायचे आणि पाला द्यायचा नाही, हे अर्धवट विज्ञान आहे.

या जादा कोकरांचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. वाड्यावर कोकरे सांभाळते ती बाई. पुरुष कळपामागे जातो. पाणी आणणे, अशक्त कोकराला पाजणे, मुक्काम हलवताना लहान कोकरे घोड्याच्या पाठीवर घालून नेणे, हे सारे तिच्या वाट्याला येते. जुळ्यांतील दुबळे कोकरू जगते ते तिच्या जागरणावर. उत्पादकतेच्या कोणत्याही तक्त्यात या श्रमाला रकाना नाही. जे श्रम मोजले जात नाहीत, ते फुकट मानले जातात, आणि फुकट श्रमांवर उभ्या राहिलेल्या प्रगतीला समाजवादी प्रगती म्हणू शकत नाही.

रान कोठे गेले?

खानदेशच्या मेंढपाळाचे अर्थकारण दोन आधारांवर उभे होते. पावसाळ्यात साक्री, शिंदखेडा, धुळे या तालुक्यांतील माळ, गायराने आणि डोंगरउतार. पीक निघाल्यावर तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची मोकळी शेते. शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेई, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देई, आणि जमिनीला लेंडीखत मिळे. या व्यवहारात कोणी कोणाचा उपकारकर्ता नव्हता. दोघांची गरज एकमेकांत गुंतलेली होती.

हे दोन्ही आधार खचले आहेत. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले. धान्य वाढले, पण ताटाची उंची घटली आणि कडब्याचा तुटवडा सुरू झाला. पुढे बागायत वाढली तसे रावेर-यावलचे केळीचे मळे वर्षभर उभे राहू लागले. उभ्या मळ्यात मेंढी जाऊ शकत नाही. वेचणी संपताच कपाशीच्या पऱ्हाट्या ट्रॅक्टरने मोडून शेत तयार करण्याची घाई वाढली. रासायनिक खताच्या गोणीने लेंडीखताची किंमत पाडली. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. स्वच्छ वीज हवी, याबद्दल वाद नाही. पण ती ज्या माळावर निर्माण होते, तो माळ सरकारी दप्तरात पडीक असला तरी मेंढीच्या पोटाच्या दप्तरात पडीक नसतो. प्रकल्पाच्या हिशेबात कंपनीचे भांडवल येते, सरकारचे अनुदान येते. गमावलेली चराई मात्र कोठेच येत नाही.

वन खात्याशी असलेले भांडण याहून जुने आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा चराईचा आणि ऋतुमानानुसार साधनसंपत्ती वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. पण जे आदिवासी नाहीत, त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा, अशी अट त्याच कायद्यात आहे. ज्याचे जीवनच एका जागी न राहण्यात आहे, त्याच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागायचा! ज्या गावातून तो वर्षातून पंधरा दिवस जातो, त्या गावच्या ग्रामसभेत त्याला मत नाही. आणि ज्या गावात मत आहे, तेथे तो ठरावाच्या दिवशी हजर नसतो. हक्क कागदावर आला आणि कागदाच्या अटींतच अडकला.

सावकारीचा ऋतू

बाजाराचाही एक ऋतू असतो. मटणाची आणि जिवंत जनावरांची मागणी आखाडात, जत्रांत आणि बकरी ईदला चढते. ईद चांद्र पंचांगाने येते. ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. केवळ वसंतातच विणारी मेंढी अशा बाजाराला कधी उपयोगी पडली असती, कधी नाही. दख्खनी मेंढी ऋतूने जखडलेली नाही, हे म्हणूनच मेंढपाळाचे मोठे भांडवल आहे. मेंढा कधी सोडायचा हे ठरवून त्याने बाजाराशी आपला मेळ घालावा, अशी सोय निसर्गाने त्याला दिलेली आहे.

मग तो हा लाभ घेत का नाही? कारण भाव चढेपर्यंत थांबण्याची ताकद त्याच्यात नाही. दुखणे, लग्न, पाण्याचे पैसे, चराईचा दंड, यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, आणि तीन-चार महिन्यांचे कोकरू व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावे लागते. ईदच्या बाजारातील चढा भाव मिळतो तो ते कोकरू वाढवून विकणाऱ्याला. युरोपात ऋतूबाहेर कोकरे मिळवण्यासाठी मेंढीच्या कानाखाली मेलाटोनिनची गोळी बसवतात, कारण हंगामाबाहेरच्या कोकराचा जादा भाव उत्पादकाला मिळतो. खानदेशात मेंढी निसर्गतःच मोकळी आहे. उचलीने बांधला गेला आहे तो तिचा मालक. ही गाठ सोडवणारे जनुक कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा विज्ञानविरोध आहे. तो तसा नाही. समाजवादी चळवळीने विज्ञानाकडे पाठ फिरवली, तर ती गरिबाच्या हातातील एक हत्यार काढून घेईल. जनुकाची चाचणी व्हावी, चांगले मेंढे निवडले जावेत, नोंदी ठेवल्या जाव्यात. पण संशोधनाचा प्रश्न मेंढपाळाच्या वाड्यावरून यावा. कोणत्या वाटेवर किती कोकरे मरतात, कोणत्या महिन्यात मेंढी सर्वाधिक झिजते, चालणारी, ऊन सोसणारी आणि एका कोकराला भरपूर पाजणारी मेंढी कोणत्या कळपात आहे, यांची मोजदाद करणेही आनुवंशशास्त्रच आहे. ज्याला उत्तम चारा आहे त्याने जुळ्यांची मेंढी घ्यावी. ज्याची वाट खडतर आहे त्याला एकच दणकट कोकरू परवडते. ही निवड मेंढपाळाने करायची आहे. जनुक त्याच्यावर लादायचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूने येईल. गायरान मेंढीला राखायचे, तर गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलितांचे काय? दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी याच जमिनींसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यातही भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला. या आदेशाचा धाक दाखवून एकर-दीड एकर कसणाऱ्याला उठवायचे आणि शेकडो एकरांचे भाडेपट्टे कंपन्यांना द्यायचे, हा न्याय होऊ शकत नाही. मेंढपाळ आणि भूमिहीन यांना उरलेल्या तुकड्यासाठी झुंजवणे हा सत्तेचा जुना डाव आहे. चळवळीने हिशेब वरून सुरू करावा: आधी कंपन्यांचे पट्टे, मग धनदांडग्यांची अतिक्रमणे, मग वन खात्याची ओसाड पण बंद कुरणे. भूमिहीनाची कसती जमीन या यादीत येतच नाही.

काय मागायचे?

राज्यात २०१९च्या पशुगणनेनुसार सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत. त्यांच्यासाठी १९७८ साली स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. त्याचे एक प्रक्षेत्र जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यात बिलाखेड येथे आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा पंचाहत्तर टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. योजनांची नावे थोर आहेत. पण वीस मेंढ्या देणारे सरकार त्या एकविसाव्या दिवशी कोठे चरायच्या, हे सांगत नाही. जनावर वाटणे सोपे असते. त्याचे छायाचित्र निघते. चराईचा हक्क वाटणे अवघड असते. त्यासाठी कोणाकडून तरी तो परत घ्यावा लागतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मेंढपाळांच्या परंपरागत वाटा आणि मुक्कामाच्या जागा जिल्हा प्रशासनाने नकाशावर नोंदवाव्यात आणि त्यांवर कोणताही प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी पर्यायी चराई द्यावी. वनहक्क कायद्यातील ऋतुचराईचे दावे एका गावाऐवजी वाटेवरील सर्व गावांच्या संयुक्त पुराव्याने स्वीकारावेत. फिरता पशुवैद्यकीय दवाखाना वाड्यांच्या वेळापत्रकाने फिरावा. वाड्याने दवाखान्याच्या वेळापत्रकाने फिरू नये. बिलाखेडसारख्या प्रक्षेत्रांवर खानदेशातील कळपांतून निवडलेले दख्खनी मेंढे वाढवावेत आणि त्यांची निवड करणाऱ्या समितीत मेंढपाळ स्त्री-पुरुषांना जागा असावी. आणि व्यापाऱ्याची उचल फेडण्यासाठी मेंढपाळांच्या सहकारी संस्थेला कोकरांच्या तारणावर हंगामी कर्ज मिळावे, म्हणजे भाव येईपर्यंत त्याला थांबता येईल.

यापैकी एकही मागणी निवेदन देऊन पदरात पडणार नाही. साने गुरुजींच्या अमळनेरात गिरणी कामगार संघटित झाला. १९७२च्या सुमारास शहाद्याच्या पट्ट्यात आदिवासी शेतमजूर उभा राहिला. खानदेशच्या चळवळीच्या इतिहासात मेंढपाळ मात्र कोठेच नाही. तो सभेला येत नाही, कारण सभेच्या दिवशी तो तिसऱ्या तालुक्यात असतो. आणि कार्यकर्ता त्याच्याकडे जात नाही, कारण त्याच्या मुक्कामाला पत्ता नसतो. जातीच्या व्यासपीठावर त्याला बोलावले जाते, ते आरक्षणाच्या घोषणेपुरते. आरक्षणाचा प्रश्न त्याच्या जागी महत्त्वाचा आहे. पण त्या व्यासपीठावर चराईचा ठराव झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

दिवाळी सरली की वाडे पुन्हा वाटेला लागतात. काही तापीकाठाने जळगावकडे उतरतात, काही गुजरातच्या बाजूला जातात. त्या वाटेवरील प्रत्येक तालुक्यात पक्षाचे कार्यकर्ते आहेत. वाडा गावाच्या शिवारात उतरला की कार्यकर्त्याने तेथे जावे, किती मेंढ्या आहेत, किती कोकरे दगावली, दंड कोणी घेतला आणि पावती दिली की नाही, हे वहीत लिहून घ्यावे. अशा शंभर वह्या जमल्या, तर खानदेशच्या मेंढपाळीची पहिली खरी पाहणी तयार होईल, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायला एक कागदही. तोपर्यंत मेंढीचे जनुक बदलले काय आणि न बदलले काय, तिच्या मालकाचे दिवस बदलणार नाहीत.